शनिवारच्या आत मागायची माफी

मी, मैमूना उस्मान तडवी, वय ४६, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका, मूळ तालुका यावल, हल्ली राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा, शनिवारी सकाळी, माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोका लपवला नाही. मी शुद्धीवर आहे. पुढे ‘कोणाच्याही दबावाखाली नाही’ असे लिहायचे असते. ते मी दोनदा लिहून खोडले. दबाव आहे, आणि तो माझ्या नफ्सचा आहे. नफ्स म्हणजे आपल्यातले ते, जे सतत ‘मला, मला’ करते. त्याला वेसण घालायला मी अकरा वर्षे धडपडते आहे.

कलम १. दोन खोल्यांचे घर मी माझ्या पगारातून घेतले. मी विधवा, मूलबाळ नाही. शरियतप्रमाणे वारस एकच, धाकटा भाऊ हबीब, राहणार कामरेज. माझ्या नवऱ्याच्या, उस्मानच्या, दफनाला तो माती द्यायला आला नाही. दुकान बंद ठेवता येत नाही म्हणाला. वकील म्हणाले होते, “जिवंतपणी दुसऱ्याला बक्षीस लिहून द्या, भावाला वीटही मिळणार नाही.” तो मसुदा दीड वर्ष कपाटात होता. आज फाडला. हबीबला त्याचा वाटा मिळावा. मी त्याला माफ केले असे मात्र कोणी समजू नये. हुकूम आहे म्हणून देते.

कलम २. पुस्तके शाळेला. कपाटाचे दार थोडे वर उचलून ओढावे, नाहीतर उघडत नाही.

कलम ३. वारसाबाहेर एक तृतीयांश देण्याचा मला हक्क आहे. तो हिस्सा ~~समोरच्या घरातील धुरपदाबाई सुकलाल पाटील यांना द्यावा.~~

हे का खोडले ते लिहिणे भाग आहे. उस्मान गेल्यावर तीन दिवस आमच्या घरी धुरपदाबाईंच्या चुलीवरचे जेवण आले. पुढे त्यांच्या योगिताला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या बायकांना बोलावून मांडे वाढले. सगळ्यांसमोर मी ताट परत केले. “आज गुरुवार, माझा रोजा असतो.” कोणीतरी म्हणाले, “बाई किती पक्की!” मला गोड वाटले. धुरपदाबाईंना वाटले, आपल्या हातचे हिला आता चालत नाही. त्या दिवसापासून बोलणे बंद. चार वर्षे.

रांदेरच्या रहमत खालांपाशी मी नफ्सचे धडे घ्यायला जात असे. त्यांना हे मोठ्या अभिमानाने सांगितले. त्या म्हणाल्या, “तेरा रोजा तेरे नफ्स का नाश्ता है, बेटा. नफिल रोजा तोडके दूसरे दिन रख सकते हैं. पडोसन का दिल?” नफिल म्हणजे ऐच्छिक. मग काम दिले: जा, माफी माग, कारण सांगू नकोस. खाला गेल्या वर्षी वारल्या. माफी मागायला मी गेले नाही.

आणि आज एक तृतीयांश धुरपदाबाईंच्या नावे लिहिताना समजले, हीसुद्धा पळवाट. मेल्यावर माफी मागणे सोपे. मान खाली घालायला मी नसेन. जायचे तर शनिवारच्या आत.

पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी.

गेले. दारातच त्या अहिराणीत म्हणाल्या, “आज रोजा नही का, मॅडम?”

“मी चुकनू, माय. माफ कर.”

“आताच कसाले? मरानी भीती वाटस म्हनीसन?”

उस्मानचे नाव, एकटेपण, सगळी कारणे जिभेवर आली. गिळली. “भीती वाटस,” म्हणाले. “पन चुकनू ते चुकनू.”

“चार वरीस तुना दारवरथीन जास मी, आनि तू खिडकी लाई लेस!”

आतून योगिताने गुजरातीत आईला सोडून द्यायला सांगितले, “मम्मी, जवा दे ने हवे.”

“तू उगी बस!” मग माझ्याकडे वळून, “हाई असं लगेच माफ नही व्हत.”

मी हिश्श्याचे बोलले. “पैसा नको माले,” एवढेच. साक्षीला अंगठा द्याल का, असे विचारले, तर म्हणाल्या, “कागद आन.”

घरी येऊन रडले. माफी मागितली की ती मिळालीच पाहिजे, हासुद्धा नफ्सचाच हट्ट. तो हट्ट घेऊनच झोपायचे आहे.

तरी एक तृतीयांश शाळेतल्या मुलींच्या शिक्षणाला द्यावा. माझे नाव कुठेही लावू नये.

ठिकाण: सुरत. दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार.

सही: मैमूना उस्मान तडवी

साक्षीदार १: अरविंद कुलकर्णी, मुख्याध्यापक (सही)

साक्षीदार २: धुरपदाबाई सुकलाल पाटील (डाव्या हाताचा अंगठा). आईने सांगितले तसे लिहिते: बाई शुद्धीवर आहे. मी तिला माफ केलेले नाही. शनिवारी दवाखान्यात तिच्यासोबत मी जाणार आहे, भाऊ येवो न येवो. लिहिणार, योगिता.