सगळ्यात मोठा कोड

३ मार्च, सोमवार
बिस्किटं जळली! पण आज सगळं माफ. माझी लेक केंड्रा सकाळीच आली, तिच्या पोराचं, ब्रॉडीचं आवरायला. हल्ली दर सोमवारी येते. लेकाला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, आतून दोघांचं खिदळणं. आठ वर्षांच्या घोड्याला कशाला न्यायला हवं? — पण म्हटलं, जाऊ दे. पोरीला आईपण आठवलंय, मी कशाला नाक खुपसू!

ब्रॉडीला त्याची शाळेची गोळी मी दिली, ॲपल बटरमध्ये दडवून. ती चुकली की चित्त थाऱ्यावर नसतं, मग बाईंचा फोन येतो. केंड्रा इथूनच लघवीच्या तपासणीला गेली. कोर्टाचा हुकूम आहे तसा. नशा सुटली हे पटल्याशिवाय पोरगा तिला देणार नाहीत.

५ मार्च
केंड्राचा लघवीचा कप पुन्हा साफ! मला तिची फाईल उघडायची मनाई, रक्ताचं नातं म्हणून. तिची बिलं वांडा करते. पण लॅबची बिलं करत आम्ही दोघी इतकी वर्षं शेजारी बसलोय. वांडाचा चेहरा मला वाचता येतो.

७ मार्च
कोर्टात गेलो. सरकारी वकिलीण म्हणाली, "कपाच्या या साध्या तपासणीत फेंटानिल पकडलंच जात नाही." खरंय! मीच रोज त्या कपांची बिलं करते, मला माहीत नाही होय? आमच्या गावात हेरॉइन आता राहिलंय कुठे. सगळी फेंटानिलनेच मरतात. शेजारच्या डीनाचा मुलगा गेल्या महिन्यात गेला.

जजबाई म्हणाल्या, मोठी तपासणी आणा. साफ निघाली तर मुलगा आईकडे.

केंड्राचं तोंड पांढरंफटक. मी तिचा हात दाबला. म्हटलं, "कर नाही त्याला डर कशाला?"

१० मार्च, सोमवार
केंड्रा आली. बाथरूम, खिदळणं, मग तपासणी. ठरल्याप्रमाणे.

मोठ्या तपासणीच्या बिलाला कुठला कोड लावायचा, यावरून वांडाशी जुंपली. ती म्हणते, "व्हर्ना, सात प्रकारच्या औषधांपर्यंतचा लावू. अफूचं सगळं गोत्र त्यात येतं, फेंटानिलसुद्धा. मोठा मागितला की विमावाले नाकारणार."

"बावीस प्रकारांच्या वरचा. सगळ्यात मोठा. त्या सरकारी बयेला बोट ठेवायला जागा नको."

"हट्टी म्हातारे! तुझ्या हट्टापायी मी मरेन एक दिवस." पण डॉक्टरची सही तिनेच आणली.

१२ मार्च
विमावाल्यांकडून नामंजूर!! 'कप साफ असताना गरज नाही.' गरज नाही म्हणे! नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये पडून आहे आणि माझ्या नातवंडाचा जीव टांगणीला.

वांडाने कागद पाठवले, मी विमावाल्यांचा फोन धरून बसले. सबंध दुपार तेच टुकार संगीत. शेवटी फोनवर एक पोरगा आला. म्हटलं, "बाळा, तुला आई आहे ना?"

"आहे, मॅम."

"मग तिच्यासाठी जे करशील ते माझ्या लेकीसाठी कर."

१४ मार्च
मंजूर! वांडा खुर्चीत नाचली.

केंड्राला फोन केला. म्हणाली, "मॉम, एवढी मोठी कशाला? लहान तपासणी चालली असती ना." वेडी कुठली. तुझ्यासाठीच भांडले ना मी!

१६ मार्च, रविवार
ब्रॉडीने बॅग भरली. मासे धरायची काठी दाराशी आणून उभी केली, विसरायला नको म्हणून.

"मॅमॉ, मी गेल्यावर तू रडशील?"

"छे! टीव्ही माझ्या एकटीचा. मजा करीन."

तो झोपल्यावर रडले. बरं वाटलं.

१९ मार्च
वांडा पळतच आली. "साफ! अफू नाही, फेंटानिल नाही! एकच फालतू गोष्ट निघालीय. पोरांचं अभ्यासात लक्ष लागावं म्हणून देतात ना, ते औषध. लहान कोडात ते तपासतच नाहीत. केंड्राला कुणी लिहून दिलंय ना? नुसतं हो म्हण, दोन ओळी जोडते, उद्या पोरगा तिच्या घरी."

नाही म्हटलं. ती गोळी आमच्या घरात एकटा ब्रॉडी घेतो. सोमवारी बंद दाराआड कप कुणी भरला, ते कळलं.