पांढरे वर्तुळ

मुलुंड, भाद्रपद वद्य षष्ठी, सायंकाळ

आज नातीशी खोटे बोललो. तेही पितृपक्षात.

सई नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा वारसा केवळ आईकडून येतो, हे दाखवण्यासाठी ती माझ्या मातृकुळाचा तक्ता काढीत होती. प्रत्येक स्त्रीसाठी एक वर्तुळ. पहिल्यात माझ्या आईचे नाव लिहून झाले. "आजोबा, आता तुमच्या आईच्या आईचं नाव? तुम्ही तर सात पिढ्या घडाघडा म्हणता ना!"

त्या सात पिढ्या पुरुषांच्या. ही आजी माझ्या जन्माआधीच गेली. तर्पणात तिचा उल्लेख येतो तेव्हा मी रूढीप्रमाणे 'गंगा' म्हणतो, कारण खरे नाव मला ठाऊक नाही. आई हयात असता एकदाही विचारले नाही. मग इतकी वर्षे पाणी दिले ते कोणाला?

'ठाऊक नाही' एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, "गंगा." तिने शाईने वर्तुळ भरले. "झकास! म्हणजे तुमची सगळी एनर्जी गंगाबाईंची!"

जेवणाआधी तिला खरे सांगून टाकले. तिने रागवावे असे वाटत होते. तिने त्या नावावर व्हाइटनर लावला, फुंकर घातली आणि विचारले, "मग उद्या तर्पणात काय म्हणणार, आजोबा?"

टेबलावर ते पांढरे वर्तुळ वाळत पडले आहे. 'जिचे नाव मी कधी विचारले नाही ती' याचे संस्कृत मला येते. ते सईसमोर उच्चारण्याचे धैर्य मात्र अजून होत नाही.