राणीचं लेकीशी बोलणं

पुणे, २ ऑगस्ट २०२५

ती. नानांस,
अंतराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट भांडता येत नाही, म्हणून पत्र. गणपतीतल्या आपल्या जुन्या शोकांतिकेवर प्रबंधाचं प्रकरण लिहितेय. राजा तहासाठी लेक शत्रूच्या घरी देतो, राणी विष पिते. राणी होऊन तुम्ही इतकी वर्षं ग्वाल्हेरच्या सगळ्या पाटणकर बाजाराला रडवलंत. पण नाना, पाच अंकांत मायलेकी एकमेकींशी चकार शब्द बोलत नाहीत! राणी बोलते ती नवऱ्याच्या कुळाबद्दल. मी वाचतेय तो सिद्धांत म्हणतो, बाई म्हणजे उणा पुरुष नव्हे, त्याचा आरसाही नव्हे. ती वेगळी आहे आणि त्या वेगळेपणाला स्वतःची भाषा हवी. ती आई-मुलीत सुरू होते. यंदा राणी आजीला करू द्याल?

लोभ आहेच, या पत्रानंतरही राहू द्या.
अंतरा

ग्वाल्हेर, ९ ऑगस्ट

चि. अंतरास अनेक आशीर्वाद.

रागावलोच आहे. राणी माझ्या वडिलांनी केली, मग मी. नऊवारीत चालायला शिकलो तेव्हा तुझा बाप रांगत होता. सिद्धांत डोक्यावरून गेला. नातीला माझी राणी नको, एवढं कळलं. तुझ्या आजीचं म्हणशील तर शामला मला पदर लावून देते, विंगेतून संवाद सांगते, तिला तेवढं पुरे. जेवण वेळेवर करत जा.

तुझा नाना

पुणे, १३ ऑगस्ट

ती. नानांस सा. न.

राणी तुमचीच. फक्त आजीला एकदा विचारा, लेक निघाली की आई तिला काय म्हणेल?

तुमचीच भांडखोर,
अंतरा

ग्वाल्हेर, २० ऑगस्ट

चि. अंतरास आशीर्वाद.

विचारलं. शामला भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आई म्हणेल, थांब, मीही येते. मी म्हटलं, मग विष कोण पिणार? नाटकच बुडालं. बुडू दे म्हणाली. ती स्वतः सांगलीहून लग्न होऊन निघाली तेव्हा तिची आई स्वयंपाकघरातून बाहेरच आली नव्हती. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं, पोरी.

राणी तिला दिली. निऱ्या मी काढून देतो, बाईसाहेबांना नऊवारी जमत नाही! राजकन्या झालेली शेजारची स्मृती हरखून म्हणाली, आजी, अब आया मज़ा. दरवर्षी राजा होणाऱ्या कान्होजींचा गुडघा धरलाय, म्हणून राजा मी करतोय. दोघी हात धरून निघून जातात, विषाचा पेला तसाच राहतो, आणि रंगमंचावर राजा एकटा उरतो. राणी असताना मी डोळ्यांत ग्लिसरीन घालायचो. काल तालमीत ते लागलं नाही.

लोभ आहेच, तो येऊन वाढव.
नाना