शंभर टनाची दुरपता

२ मे

साक्षीच्या बारावीच्या वहीत मागची पानं कोरी निघाली, ती मी घेतली. कोणाले दाखवाची नाही. प्रौढ वर्गात तीन महिने शिकली होती, मंग बाईंची बदली झाली, तं माही जोडाक्षरं अर्धीच राहिली. चुकलं तं चुकलं. मोठं काम हाती आलं का लिवून ठेवा लागते.

मोठं काम असं. साक्षी, माही नात, कम्पुटरवर लढाईचा गेम खेळते. लोखंडाचे चार मजली राक्षस, आत आपण बसाचं अन् चालवाचं. मेक म्हणतात त्याले. टीम तिघींची. साक्षी, जुनवानीची मोना अन् भाग्यश्री. भाग्यश्री महिनाभर गोंदियाले मामाकडे गेली. साक्षी म्हणे, आजी, तिसरं नाव पाहिजे, तू नुसती बस.

म्हणजे मुख्य जागा मलेच देल्ली.

३ मे, दुपार

मेक भेटला. शंभर टन. याच्याहून वजनी गेममदी नाहीच. नाव ठेवलं दुरपता. माह्या मावशीचं. तेही दारात उभी राहिली का घरात अंधार होये.

साक्षी लॅपटॉपवर खेळते, मले जुना कम्पुटर. घरात सगळे त्याले डबा म्हणतात, कावून का तो मधातच बंद पडते. धम्मपाल, माहा पोरगा, म्हणे, माय, हा भंगार झाला, दुर्गले तुळसाले देऊन टाकतो, ब्लाउजचे डिझाइन पाह्याले कामी येईन. तुळसा माही लेक, दुर्ग शहरात राह्यते, शिलाई करते. साक्षी भांडली. शेवटी ठरलं, ३१ तारखेची फायनल जिंकली तं डबा इथंच, हारली तं दुर्गले.

डबा गेला का दुरपता गेली. अन् मी पुन्हा वाटाण्याच्या शेंगा सोलत बसा. नाही होणार असं.

डब्यात काही बिघाड नाही, विजेच्या लाइनीचा दोष आहे. पडद्याची मखमल उरली होती, मी त्याले कव्हर शिवलं, गोट लावून, चारी बाजूनं बंद. पोलादाच्या प्लांटची लाल धूळ मेली कुठंबी शिरते. टीवीले कव्हर, मिक्सरले कव्हर, फ्रिजच्या दांडीले कव्हर, यानंच काय पाप केलं?

५ मे

सामान भरलं. दुरपताच्या अंगावर सोळा खण. साक्षीनं आठ खणांत हीटसिंक भरले होते, म्हणजे मशीन थंडी ठेवाचे पत्रे. मी आठही काढून फेकले. भिलाईत राहून थंडाई! एका पंख्याखाली दोन लेकरं वाढवले मी क्वार्टरमदी, मे महिन्यात. शंभर टनाच्या बाईले काय होते?

त्या जागी दोन तोफा, चार रॉकेट, एक लेझर, बाकी गोळ्या. गावाले जाताना भरतो तसं. लागलं तं जवळ असावं.

साक्षीचे आबा, म्हणजे आमचे मालक, चौतीस वर्षं प्लांटात क्रेन चालवून रिटायर झाले, त्यायले मधात बोलाची सवय. म्हणे, रुक्मा, क्रेनवर लिवलं राह्यते किती टन उचलाचं, त्याच्या वर गेलं का क्रेन नाही, खालचा माणूस जाते. मी म्हटलं, तुमची क्रेन वरतं लटकून राहे, दुरपता आपल्या पायानं चालते.

६ मे

पहिली लढाई. सगळ्या तोफा एकदम चालवल्या. काय तो आवाज, काय तो उजेड! दुरपता लाल झाली, मंग जागच्या जागी बंद. साक्षी ओरडली, आजी, ओव्हरहीट! मी म्हटलं, ओरडू नको, दम घेऊन राहिली ते. दम घेता घेता कोणीतरी मागून आलं अन् लोळवलं. समोरून याची हिंमत नाही दुश्मनात.

हारलो. मोनाचं नेट खराब आहे.

उद्यापासून एका वेळी एकच तोफ. नक्की.

७ मे

सगळ्या एकदम चालवल्या. बोट घसरलं.

९ मे

मागून येतात तं मागची बाजू बंद कराची, हे मलेच सुचलं. पाठ भिंतीले टेकवून उभी राहिली. भिंत हलली, तं मी वळून सगळं सोडलं. भिंत नव्हती ते, मोनाचा मेक होता. उडाला.

मोना हेडफोनमदून म्हणे, आजी, मैं आपकी साइड हूँ. मी म्हटलं, माहीत आहे बेटा, सराव करून राहिली.

उद्यापासून चष्मा पुसून बसीन.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात जाऊन आली, खीर केली. आज एकही गोळी चालवाची नाही असं ठरवलं. दुरपताले चौकात उभी केली अन् वाटी घेऊन खीर खात बसली. दुश्मन तिघंही तिच्यावरच तुटून पडले. शंभर टन लोखंड, संपता संपेना! त्यायच्याच गोळ्या संपल्या. तेवढ्यात साक्षी अन् मोनानं मागून येऊन तिघांले आडवं केलं.

जिंकलो! महिन्यात पहिल्यांदा. साक्षी माह्या गळ्यात पडून म्हणे, आजी, बस यही करना, कुछ मत करना.

मी विचार केला, बाप्पा, आज वेगळं काय केलं? खीर.

१३ मे

खीर केली. तोफा चालवल्या. हारलो. दुधात पाणी होतं.

१८ मे

साक्षीनं माह्या तोफांच्या बटनावर टेप चिकटवला. म्हणे, आजी, तुह्या गोळ्या फायनलसाठी जपून ठेव. पटलं मले. लागोपाठ चार लढाया जिंकलो अन् फायनलमदी गेलो. मी एक गोळी चालवली नाही, तरी सगळे माह्याकडेच धावतात. नाव झालं दुरपताचं.

मोना आता दुरून नमस्कार करते.

२४ मे

डबा दोन वेळा बंद पडला. लाइन. साक्षीच्या आबानं कव्हराखाली हात घातला अन् झटकन काढला. म्हणे, रुक्मा, आत भट्टी पेटली, लुगडं उतरव याचं. मी म्हटलं, घरात तरणी नात आहे, काय बोलता? तं म्हणे, चौतीस वर्षं मी गरमीच पाह्यली, मले शिकवू नको. उलट बोलाची खोड जात नाही माणसाची.

पण काळजी घेतलेली बरी. फायनलसाठी नवीन कव्हर शिवीन. निळ्या साटनचं, चांदीची किनार, अन् आतून कापूस भरून. म्हणजे लाइनीचा झटका लागणार नाही.

३० मे

कव्हर झालं. असं दिसते का डब्याचंच लग्न आहे. धम्मपाल म्हणे, माय, हारली तं परवा दुर्गले, विसरू नको. मी म्हटलं, तूच पेढे आणाचं विसरू नको.

टेप काढून टाकला. माह्या शब्दावर भरोसा ठेवा म्हटलं.

३१ मे, संध्याकाळ

समोर कुरुदची टीम. दहा मिनिटं. घंटा वाजली का ज्याच्या मशीनमदी जास्त जीव, तो जिंकला.

मोना पडली. साक्षी पडली. पण त्यायचेही दोन पडले. राहिली दुरपता, अन् त्यायचा एक लंगडा, गोळ्या संपलेला. दुरपतात अजून पाऊण जीव शिल्लक. माह्याजवळ दोन तोफा, चार रॉकेट, एक लेझर, अन् समोर लंगडा. बोटं वळवळून राहिली होती. साक्षी कानाशी म्हणे, आजी, काहीच नको करू, तुले माही शपथ. अर्धा मिनिट.

मी दोन्ही हात पदरात गुंडाळले. देवाजीशपथ नाही, पोरीशपथ. एक बोट नाही हलवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीच केलं नाही.

बारा सेकंद उरले अन् पडदा काळा झाला.

डबा बंद. जो खेळातून गेला तो हारला, असा नियम आहे म्हणे. घरात कापूस करपल्याचा वास. धम्मपाल पेढे घेऊन दारात उभा. साक्षी रडली नाही. म्हणे, आजी, तूने तो सब सही किया था. त्यानंच मले जास्त लागलं.

लाइन. मेली लाइन.

१ जून

डबा दुर्गले गेला. कव्हर धुवाले टाकलं होतं, तं उघडाच गेला बिचारा.

७ जून

भाग्यश्री आली गोंदियाहून. साक्षी म्हणे, आजी, तू आता आराम कर. दुरपता भाग्यश्रीले देल्ली. तिनं पहिल्याच दिवशी आठ हीटसिंक भरले. आजकालच्या पोरी नाजूक.

शेंगा सोलल्या.

११ जून

तुळसाचा फोन. म्हणे, माय, डबा तं सोन्यासारखा चालते, सकाळी लावते ते झोपतानाच बंद करते, मधात एकदाही नाही पडला. फोन स्पीकरवर होता. साक्षी माह्याकडे पाहून राहिली. धम्मपाल पाहून राहिला. साक्षीचे आबा छताकडे पाहून राहिले, ते जास्त वाईट.

मी म्हटलं, दुर्गची लाइन चांगली आहे.

मंग मी तुळसाले विचारलं, त्याच्यावर झाकते काय वो? तं म्हणे, काहीच नाही.

काहीच नाही! स्वतः शिलाई करते, अन् डबा उघडा ठेवते. मी काहीच शिकवलं नाही का त्या पोरीले?

धम्मपाल रविवारी दुर्गले जाऊन राहिला. निळ्या कव्हरातला करपलेला कापूस काढला, नवीन भरला, दुप्पट. इस्त्री करून त्याच्या पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं.