रजिस्टरात नसलेल्या बायका

सोम. ३ नोव्हें.
नंदिनीला नागपूरच्या गाडीत बसवलं. लेक गेली की दहा मिनिटं लेडीज वेटिंग रूममध्ये बसायचं, ही सवय. दारावर कागद चिकटवलेला. महिन्याअखेर खोली बंद. तिथे पैसे भरून बसायचं लाउंज होणार. कारण : 'वापर नगण्य'.
नगण्य! आत बसायला जागा नव्हती. एक बाई उभ्यानेच मुलाला पाजत होती.
शकुंतला, खोलीची ठेक्यावरची अटेंडंट, म्हणाली, "म्याडम, मलाबी आजच कळलं. लोक वाचतात अन् जातात. बोलत कोणीच नाय."
मी बोलेन. एकतीस वर्षं याच स्टेशनच्या चौकशी खिडकीवर बोलण्याचाच पगार घेतला.

मंगळ. ४
स्टेशन मॅनेजर साहेबांना भेटले. तरुण, अतिशय सभ्य. सभ्य माणसांशी भांडणं फार कष्टाचं.
"मॅडम, तुमच्यासारख्या सीनियर लोकांच्या भावना आम्ही समजू शकतो."
"भावना घरी ठेवून आलेय. घोटीहून निघालेल्या बाईने लघवीला कुठे जायचं, तेवढं सांगा."
त्यांनी चहाचा कप बाजूला केला. मग वेटिंग रूमचं रजिस्टर पुढे सरकवलं. आत येणारीने नाव आणि तिकीट नंबर लिहायचा, हा नियम. एका पानावर दोन नावं. पुढच्यावर एक. मग कोरी पानं.
"आम्ही कागदावर चालतो, मॅडम."
शिवाय स्टेशनच्या इतिहासाचा फलक लागणार आहे, त्याचं चित्र कौतुकाने दाखवलं. वाफेचं इंजिन, शहरात जाणारी घोड्यांची ट्राम, टोपीवाले साहेब. म्हटलं, बायका तेव्हा प्रवास करत नव्हत्या का? "जागा कमी पडली, मॅडम."
बाहेर येऊन शकुंतलावर तोंडसुख घेतलं. पानं कोरी कशी? तिने हातातलं फडकं पिळलं. मग हळूच, "तुम्हीच सांगितलं होतं ना."

बुध. ५
हो. मीच.
ती खोली रिझर्व्हेशनवालीसाठी. पासवाली, जनरल तिकिटवाली आत चालत नाही. आणि सकाळच्या गाडीने येतात त्या सगळ्या तशाच. इगतपुरीच्या नर्सेस, घोटीच्या भाजीवाल्या, सातपूरला कंपनीत जाणाऱ्या मुली. चौकशी खिडकीबरोबर या खोलीचीही मी इन्चार्ज असताना शकुंतलाला सांगितलं होतं : एकीलाही हाकलायचं नाही आणि एकीचंही नाव लिहायचं नाही. लिहिलं की कोणीतरी पकडणार.
केवढी हुशार समजत होते स्वतःला! मी रिटायर झाले तरी ती इमानाने पाळत राहिली. रोज खोली भरायची आणि कागदावर रिकामी राहायची. 'नगण्य' हा शब्द त्यांनी फक्त टाइप केला. मजकूर माझा.

गुरु. ६
सकाळी सहापासून खोलीत. खोली बंद करू नका असा अर्ज घेऊन सह्या मागितल्या. एक नर्स युनिफॉर्म चढवता चढवता म्हणाली, "बंद झालं तर मी साडी कुठे बदलू मावशी, प्लॅटफॉर्मवर?" पण पेन दिल्यावर, "नाव नको हं."
घोटीच्या हिराबाईंनी भाजीची पाटी कडेला सारली. "बाई, सही करते मी. मला कोणाची भीती नाय. पण आम्ही इथं बसत होतो असं लिहिलं, तर शकुंतलाचं काय? बसू देत कोण होतं? पयली तिलाच काढतील."
दोन दिवस अर्जाचं इंग्रजी घासत होते, आणि हे एवढंसं डोक्यात आलं नाही. अर्ज फाडला.

शनि. ८
नवा लिहिला. 'सदर तोंडी आदेश माझा. अटेंडंटने तो फक्त पाळला.' पूर्ण नाव, पद, सही. मराठीत एक प्रत, इंग्रजीत एक. चूक काढून दाखवावी.
नंदिनीचा फोन. "आई, पेन्शन आहे तुझी. गप्प बस ना जरा." म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर तेही शिकवायच्या. तेवढ्याच एका विषयात मी नापास.
संध्याकाळी शकुंतला घरी. "असं नका लिहू म्याडम. मी बघीन दुसरं काम."
"कुठे?"
 चहा झाल्यावर तिने कप विसळून ठेवला, मी नको म्हणत असताना.

सोम. १०
अर्ज दिला. क्लार्क : "साहेब बघू देत, मग शिक्का." म्हटलं, शिक्का पडेपर्यंत इथेच बसते, डबा आणलाय. त्याच्या टेबलावर उघडलाच. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा. दुसऱ्या भाकरीआधी शिक्का पडला.
साहेबांनी दोनदा वाचलं. "मॅडम, ही नियमभंगाची कबुली आहे, कळतंय ना?"
"माझ्याच अक्षरात आहे."
"चौकशी लागेल."
"लावा. चौकशीला त्या बायकांना बोलवावं लागेल. मला तेच हवंय."
मग त्यांनी शांतपणे विचारलं, "इतकी वर्षं नियम गुपचूप मोडलात. तो नियम बदला, अशी एक ओळ तरी का नाही लिहिलीत?"
 घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते. आत्ताही…

बुध. १२
चौकशी सोमवारी. तोवर शकुंतलाला ठेकेदाराने प्लॅटफॉर्म झाडायला लावलंय. माझ्याकडे बघून हसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
वेटिंग रूमच्या दारात नवी बाई. तिकिटं तपासते. जनरलवाल्या बाहेर.

गुरु. १३
आज सकाळी. हिराबाई दारात. नवी बाई म्हणाली, "जनरलला आत नाही."
"नको घेऊ. पण लिही. हिराबाई, घोटी, जनरल तिकीट."
"जनरलचं नाव लिहीत नाहीत, मावशी."
"मग असं लिही, की आली होती अन् आत घेतली नाय. खोटं हाय का ते?"
नव्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तिने लिहिलं. नाव, तिकीट नंबर, पुढे 'प्रवेश नाकारला'.
मागून ती नर्स पुढे आली. गेल्या गुरुवारी नाव नको म्हणणारी. पास काढला, स्वतःच स्पेलिंग सांगितलं. मग कंपनीतल्या मुली. रांग पाण्याच्या नळापर्यंत गेली. नवी बाई मध्येच म्हणाली, "अहो, गाडी चुकेल तुमची." कोणीतरी, "गाडीतून उतरूनच आलोय. लिही."
साहेब जिना उतरून आले.  रजिस्टर वाकून वाचलं. नवी बाई पेन धरून थांबली, पुढचं लिहू की नको.
रांगेतल्या कोणीही हललं नाही.