सदतीस सेंटिमीटर पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

बारा दिवस मी उलटं करत होते! बारा दिवस!!

आज फिजिओथेरपीच्या रुचिराने समोर बसवून विचारलं, "दाखवा बघू घरी कसं करता." मी ऐटीत नाकाला चिमटा लावला, ती श्वासाच्या व्यायामाची प्लास्टिकची नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकले. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "मनिषाताई, फुंकायचं नाही हो. ओढायचं."

हसावं की रडावं! तरीच इतकं सोपं जात होतं. मी तर नळीवरचा ताणाचा आकडा वाढवत वाढवत तिसापर्यंत नेला होता. नवऱ्याला, परेशला, म्हटलं होतं, बघ, दोन आठवड्यांत पैलवान होते की नाही. रुचिरा म्हणाली, निम्मे पेशंट हेच करतात, कोविडमधल्या त्या तीन चेंडूंच्या डब्यातही लोक फुंकायचेच. बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

मग तिने माझा खरा जोर मोजला. सगळा श्वास सोडून, मशीनच्या नळीतून जीव खाऊन ओढायचं. आकडा आला सदतीस. "सदतीस काय?" तर म्हणे सेंटिमीटर पाणी. श्वासाची ताकद पाण्याच्या उंचीत मोजतात! म्हणजे माझी छाती सदतीस सेंटिमीटर उंच पाणी उचलून धरू शकते. बाईमाणसाची साधारण सत्तरच्या पुढे असते म्हणे.

डॉक्टरांनी मागेच स्पष्ट सांगितलंय – फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतलं प्रेशर याने उतरणार नाही, त्याला गोळ्याच. हृदयाची उजवी बाजू दमलीय ती दमलीय. पण श्वास ओढणारे स्नायूही या आजारात दुबळे होतात, आणि त्यांना तालीम देता येते. रुचिराने पोटावर हात ठेवून दाखवलं. इथे आडवा एक पडदा असतो, श्वासपटल. जन्मल्यापासून त्याला एक दिवस सुट्टी नाही.

चव्वेचाळीस वर्षं हा माझ्या आत राबतोय आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं! घरी येताना सारखा पोटावर हात जात होता.

४ फेब्रुवारी

नळीवरचा आकडा अकरा. तीस श्वास सकाळी, तीस संध्याकाळी – या वेळी सुलट. विसाव्या श्वासाला घाम फुटला. पैलवान गेला खड्ड्यात.

८ फेब्रुवारी, रविवार

भावेशच्या लग्नाची तारीख ठरली. आठ मे. दिराचा मुलगा, पण लहानाचा मोठा माझ्याच हातचं खाऊन झाला. खाली सगळे पेढे खात होते, मी मधल्या जिन्यावर बसून ऐकत होते. आमच्या घराला तीन मजले आणि लिफ्ट नाही. गाव विमानतळात गेलं, पैसे आले, करंजाड्यात हे घर बांधलं तेव्हा कुणाला ठाऊक होतं की सुनेला दहा पायऱ्यांनंतर बसावं लागेल?

जाऊबाईंनी विचारलं, "आई, धवले कोन म्हननार?"

आई म्हणजे माझी सासू, जनीबाई, पनवेलपासून उरणपर्यंत नावाजलेली धवलारीण, लग्नातली गाणी म्हणजे धवले म्हणणारी. आमच्यात लग्न लावायला ब्राह्मण असतो, पण धवलारीण गायल्याशिवाय हळदसुद्धा लागत नाही. दोघी लागतात. एकीचा श्वास संपतो तिथे दुसरी उचलते, म्हणजे गाणं तुटत नाही. तुटलं तर अपशकुन. आईंची जोडीदारीण, त्यांची नणंद, गेल्या वर्षी गेली.

"मी एकलीच म्हनन," आई म्हणाल्या. वय बहात्तर. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

का बघतील? लग्न होऊन आले तेव्हा आईंनी मला शिकवायला घेतलं होतं. शाळेत मास्तरीण होते, आवाज बरा होता. पुढेपुढे कडव्याच्या मध्येच धाप लागायला लागली. आई म्हणायच्या, "जोर नाय तुज्यात. बसाचीच आवड." मग पाणी भरताना बसायचे, जिन्यात बसायचे – आळशी हा शिक्का बसला. शेवटी शाळाही सोडली. आजाराचं नाव कळायला सात वर्षं लागली. खरं सांगायचं तर त्या सात वर्षांत मलासुद्धा वाटायचं, आहेच मी आळशी.

आजार कळला त्या दिवसापासून आईंनी तो शब्द पुन्हा काढला नाही. पण गाणंही काढलं नाही.

मला त्या लग्नात म्हणायचंय. एक कडवं तरी. कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, बस.

१५ फेब्रुवारी, रविवार

परेशच्या गोडाऊनमधून गवंड्यांचा लेव्हलचा पाइप मागवला – पारदर्शक असतो तो. खाली बादली, वर पाचव्या पायरीवर मी, पाइपचं टोक तोंडात. ओढलं.

पाणी चढलं! माझ्या डोळ्यांसमोर, पाइपमधून, वर! थरथरत एका जागी थांबलं. परेशने भिंतीवर पेन्सिलने खूण केली, टेपने मोजलं – एकेचाळीस! मी नुसती बघत राहिले. श्वास कधी दिसतो का कुणाला? मला दिसला. भिंतीवर त्याची उंची लिहिलेली आहे.

मग परेशने ओढलं. पंच्याऐंशी. मिशांवर ताव देऊन झाला. तेवढ्यात आई आल्या. "काय खेल चाललाय?" सांगितलं. माझ्या पायरीवर बसल्या, पदर खोचला, पाइप तोंडात धरला.

पाणी चढतच गेलं. परेशची खूण मागे पडली. एकशे चार!! बहात्तर वर्षांची बाई! आणि तिथेच धरून ठेवलं, पाच-सहा सेकंद, डोळे मिटून. मग सोडलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मिठागरात आमी पानी बोटानी मापाचो. हा बरा हाय." आणि गेल्या कोलंबी सोलायला.

परेशने टेप गुंडाळून ठेवला.

१७ फेब्रुवारी

रुचिराला फोनवर फुशारकीने सांगितलं, तर ओरडली. तो जोर गालांचा असतो म्हणे, छातीचा नाही. तोंडाजवळ पाइपला सुईने बारीक भोक पाडा, मग गालांची लबाडी चालत नाही. आणि आठवड्यातून एकदाच, बसून, चक्कर वाटली तर बंद.

भोक पाडलं. मी छत्तीस. आई त्र्याण्णव. परेशने नकार दिला.

२ मार्च

मेडिकलमध्ये नवा माणूस. माझ्या गोळ्यांची चिठ्ठी वाचून परेशकडे बघून गालात हसला. ती पुरुषांच्या भलत्याच कामाची गोळी म्हणून प्रसिद्ध आहे ना! मी म्हटलं, "माझ्या आहेत. दिवसातून तीन वेळा." चेहरा बघण्यासारखा झाला.

आज अकराचा आकडा तेरावर नेला. भिंतीवर बेचाळीस – छातीचे!

१९ मार्च, पाडवा

माती खाल्ली. दुसरा शब्द नाही.

सकाळी वाटलं, यंदा गुढी आपण उभारायची, गच्चीत. तीन मजले. न थांबता चढले – हो, न थांबता, माजच आला होता. वर पोचले, काठीला हात लावला आणि डोळ्यांपुढे काळोख. परेश म्हणतो, ओठ निळे झाले होते. गाडी, हॉस्पिटल, ऑक्सिजन. दुपारी घरी सोडलं, ऑक्सिजनचं मशीन लावून. पायांवर सूज आहे, अंगातलं पाणी उतरवायची गोळी वाढवली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. म्हणाले, "स्नायू सुधारलाय, हृदय तेच आहे. दोघांच्या चालीने चाला." नळी आठवडाभर बंद.

घाबरले मी. फार घाबरले. मरणाला नाही – म्हणजे मरणालाही. पण पडल्या पडल्या पहिला विचार आला तो कडव्याचा. गेलं ते, संपलं.

संध्याकाळी मी आत पडलेली. बाहेर ओटीवर आईंकडे कुणी बाई आली होती, उरणकडची, लग्नाचं विचारायला. आई हळू बोलत होत्या. आई, आणि हळू! मध्ये एकदा माझं नाव ऐकू आलं. आजाराचंच सांगत असतील. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

२० मार्च

काही नाही.

२८ मार्च, शनिवार

नळी परत सुरू. पुन्हा अकरापासून. डॉक्टरांना शेवटी विचारूनच टाकलं – लग्नात गाऊ का? त्यांनी माझी फाइल पुन्हा चाळली. मग म्हणाले, "बसून. थोडंच. आणि एकटीने नाही."

एकटीने नाही! डॉक्टर, धवले एकटीने म्हणतच नाहीत हो!

परेशला सांगितलं. तो जिन्यातली पेन्सिलची खूण बघत उभा राहिला. म्हणाला, "आईला सांगितलंस?" नाही.

२ एप्रिल

सांगावं लागलंच नाही. सकाळी माझे तीस श्वास चालू होते. आई समोर येऊन बसल्या, बघत राहिल्या. तीस झाले. नाकाचा चिमटा काढला.

"सरल्यावर घेतंस तू," म्हणाल्या.

"काय?"

"सास. पार सरल्यावर घेतंस, म्हनून धाप लागते. सराच्या आदी घ्यावा. शब्द तोंडात असताना. मानसाला कलता नये कवा घेतला."

आणि म्हणून दाखवलं. हळद दळण्याचं कडवं, बसल्या जागी, हळू. मी त्यांच्या पोटाकडे बघत होते. पदराखाली तो पडदा खाली जात होता, वर येत होता, आणि आवाजात कुठे शिवणसुद्धा दिसत नव्हती! पन्नास वर्षं मांडवात बसून ही बाई रोज हीच तालीम करत होती. तिला आकडा नव्हता, चिमटा नव्हता, रुचिरा नव्हती.

मग म्हणाल्या, "म्हन."

अठरा वर्षांनी.

१० एप्रिल

रोज एक कडवं. चार ओळी, तीन श्वास. काल चार लागले होते.

आईंना विचारलं, वहीत लिहून घेऊ का? "वहीला सास हाय?" म्हणाल्या. घ्या.

२१ एप्रिल, मंगळवार

तपासणी. सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालायचं, रुचिरा हातात घड्याळ घेऊन. जानेवारीत दोनशे शहाऐंशी मीटर चालले होते, आज तीनशे एकतीस. मग मशीनची नळी. सदतीसचे एक्कावन्न!!

रुचिराने दोनदा मोजलं. हृदयाची सोनोग्राफी मात्र होती तशीच. प्रेशर हललं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा गच्चीचा माज यायचा नाही. आजार आहे तिथेच आहे. पण त्याच्या शेजारी, त्याच देहात, एक स्नायू मुकाट्याने वाढला. चव्वेचाळिसाव्या वर्षी! रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि स्पीड कमी केला.

८ मे

आज लिहवत नाही. उद्या.

१० मे, रविवार

आता लिहिते. सुरुवातीपासून.

सात तारखेला दुपारी हळद. मांडवात पंखे, दोन-अडीचशे माणसं, बाहेर बँडवाले वाट बघत उभे. आई पाटावर, मी त्यांच्या शेजारी खुर्चीत. ठरलं होतं ते असं – आई म्हणणार, मी प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ धरायची. तेवढीच.

आईंनी सुरू केलं. पहिलं कडवं, मी ओळ धरली. दुसरं, धरली. तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीत आईंचा आवाज थांबला.

थांबला! मी वळून बघितलं. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, हात मांडीवर. बहात्तरचं वय! भावेश हळदीच्या पाटावरून आमच्याकडे बघत होता. मांडवात बायांच्या माना वर झाल्या. गाणं तुटणार.

श्वास कधी घेतला आठवत नाही. खरंच आठवत नाही. शब्द तोंडात होता आणि तो आपोआप आत आला, आणि मी म्हणत होते. दुसरी ओळ. तिसरी. सराच्या आधी घ्यायचा, सराच्या आधी. चौथी. कडवं पूर्ण झालं! कडव्याच्या टोकाला, अगदी शेवटच्या अक्षरावर, आईंनी उचललं. खणखणीत आवाज. दमलेल्या बाईचा नव्हताच तो.

मग एक कडवं त्यांचं, एक माझं. चार झाली माझी. परेश मांडवाच्या खांबाशी ऑक्सिजनचं मशीन घेऊन उभा होता, चार्ज करून. ते लागलं नाही. चार कडव्यांनंतर आईंनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला – बस.

काल दिवसभर झोपले. आज आईंना विचारलं, "हळदीला काय झालं होतं तुम्हाला? त्रास झाला का?"

"मना काय व्हनार?" म्हणाल्या, आणि माझी नळी धुऊन पालथी घालून ठेवली.

१३ मे, बुधवार

सकाळी अनोळखी नंबर. द्रोणागिरीहून एक बाई, मार्गशीर्षात लेकीचं लग्न. "धवलारीनबाय हायत का?"

म्हटलं, आई बाजारात गेल्यात, तासाभराने करा.

"जनीबाय नाय वो. मनिषाबाय पायजेत. जनीबायनीच नंबर दिलता, म्हनल्या आता माजी सून म्हनते, मी जोडीला बसन. मी आलती ना पाडव्याला, तवाच."

पाडव्याला. मी आत मशीन लावून भिंतीकडे तोंड करून पडले होते तेव्हा.

म्हटलं, "मीच बोलतेय. तारीख सांगा."