उंबरदादाला पुढे काय म्हणणार होतीस?

प्रिय आये,

तुला जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय. कारण तुझी नात! तन्वी अमेरिकेत शिकायला गेलीय ना, तिथे हिआकी नावाचे मूळचे लोक आहेत. त्यांच्यातली एक आजी तन्वीच्या वर्गाला आपल्या भाषेतले शब्द शिकवते.

काल तन्वीचा फोन आला. "मम्मी, हे लोक हरणाला 'साइला मासो' म्हणतात. म्हणजे धाकटा भाऊ हरीण! शिकारीआधी त्याची माफी मागतात. आपली आजी पण झाडाशी बोलायची ना? पूर्ण सांग, मला वर्गात सांगायचंय."

उद्या सांगते म्हणत मी फोन ठेवला गं.

माझं लग्न आठवतं? मांडवाला उंबराची फांदी हवी म्हणून तू आपल्या तळवली गावातल्या बायकांना घेऊन वाजतगाजत निघालीस. मागून मी, माझ्या ऑफिसच्या मैत्रिणींना घेऊन. कोयता लावण्याआधी तू झाडावर हात ठेवलास. "उंबरदादा, पोरीचा लगीन हाय. तुजी एक खांदी नेतंय, राग नको धरू. तू आमचे मांडवान..."

एक मैत्रीण फिदीफिदी हसली. मी तुझ्या कानाशी म्हटलं, "आये, पुरे ना! लाज आणतेस."

तू थांबलीस. फांदी घेतलीस, गाणी म्हटलीस, मला हळदही लावलीस. पण पुन्हा कधी माझ्यासमोर झाडाशी बोलली नाहीस. मी मात्र तन्वीला ते गंमत म्हणून सांगत राहिले.

नळावर कुणी नंबर मोडला तर अख्ख्या आळीला ऐकवणारी तू, मला का नाही ओरडलीस? एक थोबाडीत तरी द्यायचीस! झाडाला दादा म्हटलं की ओरबाडता येत नाही, मागावं लागतं. एवढं कळायला मला कुठल्या कुठे राहणारं हरीण लागलं.

सकाळी करंजाड्याला मावशीला फोन करून विचारलं, आये उंबराला पुढे काय म्हणायची. म्हणाली, "ता तिचाच व्हता गो. आमाला काय ठाव?" म्हणजे आता कुणालाच ठाऊक नाही.

आये, मनाने काही गोड रचून मी तुझ्या अर्ध्या राहिलेल्या वाक्याची जागा भरणार नाही, शब्द देते. आठवतं तेवढंच तन्वीला सांगेन, तुझ्याच बोलीत. आणि पुढचं विचारलं तर सांगेन, "तिथे तुझ्या आईने आजीला गप्प केलं होतं."

तुझीच,
बेबी